नोंदीसाठी जागा मिळाली नाही

पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली, तिथं माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. हाताखालच्या कुणी प्रोग्रॅममध्ये मेमरी मागितली आणि ती खरोखर मिळाली का हे न बघता पुढची ओळ लिहिली, की मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचे. मागितलं म्हणजे मिळालं असं तुम्हाला कुणी सांगितलं, हे माझं ठरलेलं वाक्य. माझ्या पाठीमागे त्याची नक्कल व्हायची, ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. म्हणूनच पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते.

आमचं काम थोडक्यात सांगते. मोबाईलसारखं कुठलंही यंत्र चालू केलं की आत आधी एक प्रोग्रॅम उठतो, त्याला कर्नल म्हणतात. तो उठता उठता सगळ्यांना जागा वाटून देतो. पडद्याला इतकी, तापमान मोजणाऱ्या भागाला इतकी, नोंदींना इतकी. जागा म्हणजे मेमरी. यंत्र नुकतंच उठलेलं, मेमरी सगळी मोकळी, तेव्हा या वेळी मागितलेली जागा मिळतेच असं आमच्यात सगळे धरून चालतात. समजा नाहीच मिळाली, तर काय करायचं याची एक ओळ लिहावी लागते. ती लिहितात सगळे, पण मुद्दाम जागा अडवून ती ओळ चालवून बघणारा माणूस विरळा. मीही नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

आईचे गुडघे गेले आणि वडिलांना दिसेनासं झालं, तेव्हा मी पुणं सोडून सोलापूरला परत आले. सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती, तिथं काम मिळालं. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागले. कपाळाला विभूती, बोलणं मराठी-कानडी मिसळून, माणूस सरळ. लसींच्या फ्रिजवर बसवायची एक पेटी ते तयार करत होते. फ्रिजमधलं तापमान पडद्यावर दाखवायचं आणि दर दहा मिनिटांनी त्याची नोंद आत ठेवायची, एवढंच तिचं काम. गावच्या आरोग्य केंद्रात लस नीट थंडीत राहिली का, याचा पुरावा म्हणजे त्या नोंदी. कर्नल माझ्याकडे आला.

पहिल्यांदा मी ते नीट लिहिलं होतं. नोंदींसाठी सलग मोठी जागा लागायची. ती मिळाली नाही तर पेटीनं तिथंच थांबायचं, लाल दिवा लावायचा आणि ओरडत राहायचं. मग अण्णांच्या मनात आलं की यंत्र सुरू होताना पडद्यावर आधी ग्रामदैवताचं चित्र यावं. आमच्याकडे दुकानाचं शटरसुद्धा हात जोडल्याशिवाय वर जात नाही, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. चित्र छान मोठं, रंगीत. ते सगळ्यात आधी दिसायला हवं म्हणून त्याला जागाही मी सगळ्यात आधी दिली. पुढं बाजारात नेहमीच्या चिपा मिळेनात, म्हणून एका खेपेला निम्म्या मेमरीच्या बसवल्या. त्या दिवशी मी हिशेब करून बघितला, मेमरी पुरत होती.

एका दुपारी पेट्या पोहोचवायच्या गडबडीत अण्णांच्या टेबलावरची एक पेटी लाल दिवा लावून थांबली. ओरडायला लागली. मी बंद करून पुन्हा लावली, तर बिनतक्रार चालू. हे का झालं ते शोधायला एखादा दिवस लागला असता. अण्णा म्हणाले, गावात लाल दिवा लागला की लोक मशीनच बाद ठरवतील, काही झालं तरी चालू राहू द्या. त्यांचं म्हणणं व्यापाऱ्याचं होतं, त्यांनी तेच म्हणायचं असतं. नाही म्हणायचं काम माझं होतं. मी बसल्या जागी दोन ओळी बदलल्या. नोंदींना जागा मिळाली नाही तर तसा एक संदेश लिहायचा आणि पुढं जायचं. तो संदेश पेटीला केबल लावून लॅपटॉप जोडला तरच दिसणार होता. बाहेर पडद्यावर तापमान आणि खाली हिरवा दिवा. पुण्यात कुणी असं केलं असतं तर त्याला मी आठवडाभर सोडलं नसतं.

पेट्या गेल्या. चार-पाच महिन्यांनी मोहोळच्या बाजूच्या एका गावातून तक्रार आली. तिथल्या आरोग्य केंद्रातल्या पेटीत नऊ दिवसांच्या नोंदीच नव्हत्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतः बटण दाबून पेटी बंद केली, चालू केली, आणि त्यांच्यासमोर नोंदी सुरू झाल्या. त्यावरून त्यांनी काढायचा तो अर्थ काढला. यंत्र चांगलं आहे, म्हणजे लसींची जबाबदारी असलेल्या सिस्टरनीच नऊ दिवस ते बंद ठेवलं. फ्रिजमधली सगळी लस टाकून दिली, सिस्टरना नोटीस निघाली. आमच्याकडून एवढंच हवं होतं की कुणीतरी येऊन यंत्र बघावं आणि लेखी अहवाल द्यावा. मी गेले.

सिस्टर पन्नाशीच्या, बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्या केंद्रात एकोणीस वर्षं होत्या. माझ्यासमोर त्यांनी आधी एक रजिस्टर उघडून ठेवलं. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळचं तापमान, पडद्यावर बघून हातानं लिहिलेलं. त्या नऊ दिवसांचंही होतं. साहेबांनी ते मानलं नाही म्हणाल्या. चार, पाच, चार, पाच असे सारखे आकडे बघून मागाहून बसून भरलंय म्हणाले. शिवाय आमच्या पेटीच्या माहितीपत्रकात छापलं होतं की हातानं केलेल्या नोंदीपेक्षा ही नोंद भरवशाची. ते वाक्यही मीच लिहिलं होतं.

"मी बंद केलं न्हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनलाच इचारा की."

मी लॅपटॉप जोडला. बटण दाबून बंद केलं, चालू केलं. चित्र आलं, नोंदी सुरू. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी निर्धास्त झाले, आणि मनात सिस्टरांविषयी शंकाही आली. ती आली हे इथं सांगितलंच पाहिजे. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "लाईट जाती तवा असं बटण दाबून जात न्हाय की."

त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, भिंतीतली पिन ओढून काढली. थोडं थांबून परत लावली.

आमच्या ऑफिसात पेट्या नेहमी बटणानं बंद व्हायच्या, त्या दुपारची ती एक सोडून. तिची पिन अण्णांनी मोबाईल लावायला उपटली होती, हे मी नंतर विचारल्यावर कळलं. अशी अचानक लाईट गेली की पुढच्या वेळी उठताना पेटी आधी आपल्या जुन्या नोंदी दुरुस्त करायला बसायची, त्यात जागा जायची. वर ते मोठं चित्र. पंगतीत वीस पानांची एक सलग ओळ मांडायची असेल आणि मोकळी जागा इथं सहा, तिथं आठ, पलीकडे सहा अशी असेल, तर वीस माणसं बसतील पण ओळ काही होणार नाही. निम्म्या मेमरीच्या पेटीत नेमकं तेच झालं. लॅपटॉपवर माझा संदेश उमटला. मी इंग्रजीत लिहिलेला, अर्थ एवढाच की नोंदीसाठी जागा मिळाली नाही, पुढे जात आहे. आणि पेटीवर हिरवा दिवा लागला.

मला ते वाचायला एक सेकंद पुरला. तपासणीच्या नऊ दिवस आधी लाईट गेली असणार आणि तेव्हापासून पेटी तापमान दाखवत राहिली, ठेवलं काहीच नाही. साहेबांनी बटण दाबलं तेव्हा ती नीट उठली. सिस्टरांचा एकही आकडा खोटा नव्हता.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बघावं लागेल, ऑफिसात जाऊन तपासावं लागेल.

या वाक्याला मी नंतर पुष्कळ कारणं जोडली. कंपनीला आधी सांगायला हवं, पूर्ण खात्री करायला हवी, तोंडी काही बोलून चालत नाही. सगळी कारणं खोटी. मी घाबरले होते. ज्या चुकीसाठी मी लोकांना रडवलं, तीच चूक एका बाईसमोर उघडी पडलेली आणि ती बाई इंग्रजी वाचू शकत नाही, याचा मी फायदा घेतला. त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवली. मी ती खाल्लीसुद्धा.

मी खात होते तेवढ्यात एक बाई काखेत पोर घेऊन दारात आली. आत आली नाही. खराब झालेली लस माझ्या पोराला तर दिली नाही ना, असं तिनं तिथूनच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, न्हाय गं. बाई गेली. गेल्या आठवड्यापासनं असंच चाललंय, पुष्कळ जणी पोरं घेऊन येईनाशाच झाल्यात, असं सिस्टर मला सांगत होत्या आणि मी माझ्या ताटलीकडे बघत होते.

अहवालात मी लिहिलं की वीजपुरवठा खंडित झाल्यास काही प्रसंगी नोंदी सुरू होण्यात अडचण संभवते, अधिक तपास सुरू आहे. अण्णांनी वाचलं, बरोबर आहे ना असं विचारलं आणि मी हो म्हटलं. त्यांना मी तेव्हा खरं सांगितलंच नव्हतं. त्या वाक्यातून ज्याला जे हवं ते निघत होतं.

कर्नल मात्र मी दोन दिवसांत दुरुस्त केला. आता नोंदींची जागा सगळ्यात आधी राखून ठेवायची, चित्राला उरलेल्यातून. तरीही नोंदींना जागा मिळाली नाही तर थांबायचं आणि ओरडायचं. या वेळी मी ती ओळ चालवूनही बघितली. जागा मुद्दाम अडवली, पिना उपटल्या, पन्नास वेळा. काम सुबक झालं होतं. सगळ्या केंद्रांना नवीन आवृत्ती पाठवली आणि सोबतच्या कागदावर लिहिलं, स्थिरतेत सुधारणा. त्या संध्याकाळी मला चक्क बरं वाटलं.

दीड महिन्यानं नवीन आवृत्ती बसली का हे विचारायला मी त्या केंद्रात फोन केला. फोनवरचा आवाज तरुण होता. आधीच्या सिस्टर गेल्या, अक्कलकोटच्या पुढं, बदली झाली. नोटिशीचा निकाल लागायचाय, पण तोवर त्यांना इथं ठेवायचं नाही असं ठरलं, असं त्या नवीन सिस्टरनी सांगितलं. वर मशीन आता एकदम छान चाललंय म्हणाल्या.

मी रविवार जाऊ दिला, सोमवार जाऊ दिला. बुधवारी रजा टाकून गेले. सीमेलगतचं गाव, रस्त्यावर सगळी कानडी. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. पंधरा-वीस बायका, पोरांची रडारड आणि मध्ये सिस्टर. मोहोळकडच्या माणसाला कानडीचा गंध नाही. एका आईला त्या हातवारे करून सांगत होत्या की संध्याकाळी अंग तापेल, घाबरू नका. कपाळाला हात लावायच्या, मग नको नको असा हात हलवायच्या. त्या आईला वाटलं पोराला आधीच ताप आहे म्हणतायत, म्हणून लस नको असंच सांगतायत. ती उठून निघाली.

आमच्या घरात कानडीच बोलतात. मी दारातूनच तिला म्हटलं, हेदरबेडा, घाबरू नका, आणि बाकीचं समजावलं. ती परत बसली. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं. बाजूची खुर्ची पायानं पुढं सरकवली. तासभर मी तिथं बसून एकेक वाक्य त्यांच्या मराठीतून कानडीत केलं. माझ्या आयुष्यात मी इतकं उपयोगी काम क्वचितच केलं असेल, आणि ते करायची वेळ ज्या कारणानं आली ते आठवलं की मला बसवत नव्हतं.

बायका गेल्यावर मी सांगितलं. सगळं. चित्र, चिपा, त्या दोन ओळी, हिरवा दिवा. लॅपटॉपवरचा संदेश मी त्या दिवशीच वाचला होता हेही. सुयांचे तुकडे डब्यात टाकत त्या ऐकत होत्या. मला वाटलं होतं रडतील, किंवा मला बोल लावतील. दोन्हीची तयारी मी गाडीत करून आले होते.

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी बंद केलं न्हाय हे मला म्हाईतच हाय की. ज्यास्नी म्हाईत न्हाय, त्यास्नी सांगा."

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि पुढच्या बुधवारी येणार का, असं विचारलं. कानडीसाठी.

परत येऊन मी आधी अण्णांना सांगितलं, आणि आरोग्य खात्याला खरं काय ते पत्रानं कळवणार हेही. त्यांनी विभूतीवर बोट फिरवलं. मला वाटलं पत्र थांबवतील. म्हणाले, "लिहा. माझी पण सही घ्या, चालू राहू द्या असं मी म्हटलं होतं." जाताना हळूच विचारलं, देवाचं चित्र काढायचं का. मी म्हटलं, राहू द्या, त्याला दुसऱ्याच्या वाट्याची जागा मी दिली होती. पत्रात मी काहीच संभवते-बिंभवते लिहिलं नाही. दोष माझ्या ओळींचा, त्या मी कधी आणि का बदलल्या, सिस्टरांचं रजिस्टर खरं, पहिला अहवाल मी जाणूनबुजून मोघम दिला. महिन्याभरात नोटीस मागं घेतल्याचं पत्र निघालं. बदलीचा त्यात उल्लेख नव्हता. विचारायला गेले तर बदली प्रशासकीय कारणानं झालेली, तिचा नोटिशीशी संबंध नाही असं उत्तर मिळालं. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तेच.

उरलं ते गाव. लसीकरणाच्या दिवशी मी मोहोळच्या बाजूच्या त्या केंद्रात जाऊन उभी राहिले. नवीन सिस्टरना आधी विचारून घेतलं होतं. ओसरीत आठ-नऊ बायका होत्या, आधीच्या सिस्टर म्हणाल्या होत्या तशा पुष्कळ जणी आल्याच नव्हत्या. दारातून विचारून गेलेली ती बाई त्यांत होती, पोर आता तिचा हात धरून उभं राहायला लागलं होतं. मेमरी, कर्नल हे सगळं बाजूला ठेवून मी सांगितलं, की फ्रिजवरची पेटी मी केली होती, चूक माझ्या हातून झाली. लाईट गेली की पेटी लिहायची विसरत होती. फ्रिजमधली थंडी कधीच गेली नव्हती, तुमच्या पोरांना खराब लस दिलेली नाही, सिस्टरांनी काही चुकीचं केलं नाही. मला कळूनही मी ते तेव्हा बोलले नाही.

त्या बाईनं विचारलं, सिस्टर आता कुटं हायत? मी गावाचं नाव सांगितलं. तितं समदे कानडी बोलत्यात की, ती म्हणाली. मी हो म्हटलं.

"मग त्यास्नी परत आणा की."

ती अगदी साधेपणानं म्हणाली. बिघडलेली ओळ मी दोन दिवसांत सरळ केली होती आणि एका दुपारी सगळ्या पेट्यांना पाठवली होती. मी म्हटलं, मी प्रयत्न केला, पण ते माझ्या हातात नाही.

तिनं पोराला उचलून खांद्यावर घेतलं. आवाज चढवला नाही, माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "घालवायचं तेवडं हातात हुतं व्हय."

आणि रांगेत जाऊन बसली.